मराठवाड्याचा इतिहास-पुरातत्त्व शिकणाऱ्यांना ग्रंथालयातून काय मिळतं, कुठे अडतं

मराठवाड्यातल्या गावावर, लेण्यावर किंवा शिलालेखावर प्रबंध लिहायचा तर साहित्य भरपूर आहे. अडचण एवढीच की ते कुठल्या नावाखाली ठेवलंय हे विद्यार्थ्याला कुणी सांगत नाही. या लेखात विद्यापीठाचं ग्रंथालय, वर्गणीची ऑनलाइन नियतकालिकं, शोधगंगा (पीएच.डी. प्रबंधांचं ऑनलाइन भांडार), फुकटची स्कॅन पुस्तकं आणि पुराभिलेखागारं (जुन्या सरकारी कागदांची दफ्तरं) यांची झडती आहे. निकष एकच: मराठवाड्यावर काम करणाऱ्याला यातलं खरोखर काय कामाला येतं.

आधी नावांचा गुंता सोडवू, कारण तो सुटला नाही तर पुढची कुठलीच सेवा नीट वापरता येत नाही. हा प्रदेश १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात, मग १९५६पर्यंत हैदराबाद राज्यात, १९६०पर्यंत द्विभाषिक मुंबई राज्यात आणि नंतर महाराष्ट्रात. पुस्तकं, अहवाल, फायली त्या त्या वेळच्या राज्याखाली जमा झाल्या आणि तिथेच राहिल्या. जिल्ह्यांचंही तसंच. जालना १९८१मध्ये, लातूर १९८२मध्ये, हिंगोली १९९९मध्ये वेगळे झाले. त्यामुळे भोकरदनचं जुनं उत्खनन शोधायचं ते औरंगाबाद जिल्ह्याखाली, खरोशाची लेणी उस्मानाबादखाली आणि औंढा नागनाथ परभणीखाली. आता छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावं आल्यावर नवीन नोंदी नव्या नावाने आणि जुन्या जुन्याच नावाने, असा दुहेरी कारभार आहे. दोन्ही नावं टाकून शोधा.

गावांच्या नावाचं स्पेलिंग हा आणखी एक सापळा. निजामी कागदांत अंबाजोगाई हे मोमिनाबाद आहे, बीड हे भीर आहे, खुलदाबाद बऱ्याचदा रौझा आहे. बर्जेसच्या १८७८च्या अहवालात, म्हणजे बीदर आणि औरंगाबाद जिल्ह्यांवरच्या पश्चिम भारत पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तिसऱ्या खंडात, धाराशिवची लेणी ‘धारासिन्व’ आणि खरोसा ‘कारुसा’ अशा थाटात येतात. वेरूळ कुठे एलोरा तर कुठे एलुरा. एका वहीत आपल्या स्थळाची सगळी रूपं रोमन लिपीत लिहून ठेवा आणि प्रत्येक शोधयंत्रात ती सगळी फिरवा. कंटाळवाणं काम आहे, पण अर्धं साहित्य इथेच हाती लागतं.

आता विद्यापीठाचं ग्रंथालय. मराठवाडा विद्यापीठ १९५८चं, नामविस्तार १९९४चा. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठही १९९४चंच. म्हणजे नांदेड, परभणी, लातूर, हिंगोली या पट्ट्यावरचे १९९४आधीचे प्रबंध नांदेडला शोधून उपयोग नाही. ते छत्रपती संभाजीनगरला, मराठवाडा विद्यापीठाच्या नावावर असणार. हे साधं वाटतं, पण नांदेडचे विद्यार्थी ‘माझ्या विषयावर आधी काहीच काम झालेलं नाही’ असं सारांशिकेत बिनधास्त लिहितात, त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

कपाटं शोधताना ड्युई दशांश पद्धत (विषयाला आकडा देऊन पुस्तकं लावायची पद्धत) जिथे आहे तिथे एक युक्ती लक्षात ठेवा. महाराष्ट्राचा इतिहास ९५४.७९२ला असतो आणि सगळे तिथेच उभे राहतात. निजामाच्या राज्यावरची जुनी पुस्तकं मात्र हैदराबाद म्हणून आंध्रच्या आकड्याखाली, ९५४.८४ला गेलेली असतात. मराठवाडा या दोन कपाटांत फाटलेला आहे. शिवाय पुरातत्त्व ९३०.१, प्राचीन भारत ९३४, नाणी ७३७.४९५४, देवळांचं स्थापत्य ७२६ असे तुकडे आहेतच. म्हणून कॅटलॉग बघून झाला तरी त्या आकड्यांच्या फळ्यांवरून एकदा नजर फिरवा. संगणकावरच्या कॅटलॉगमध्ये जुनी पुस्तकं सगळी चढलेली असतातच असं नाही, आणि मराठी पुस्तकांची नावं रोमन लिपीत कुणी कशी टंकली असतील याचा नेम नाही. पूर्ण नाव टाकू नका. लेखकाचं आडनाव किंवा नावातला एकच ठळक शब्द टाका. तरी नाही मिळालं तर कार्ड कॅटलॉगचे खण अजून ठेवलेत का, हे काउंटरवर विचारा.

फळीवर काय शोधायचं? सगळ्यात आधी भोकरदनचा उत्खनन अहवाल. मराठवाडा आणि नागपूर विद्यापीठांनी मिळून १९७३मध्ये केलेलं हे उत्खनन आणि देव-गुप्ते यांचा १९७४चा अहवाल म्हणजे या भागातल्या सातवाहनकालीन वस्तीचा अभ्यास कसा मांडायचा याचा नमुना आहे. पाँपेईला सापडलेल्या प्रतिमेशी जिची तुलना होते ती हस्तिदंती स्त्रीप्रतिमा इंटरनेटवर शेकडो ठिकाणी दिसते. ती कुठल्या थरातून आली हे बघायला अहवालच उघडावा लागतो. दुसरा, तेरच्या १९५८च्या उत्खननाचा चापेकरांचा अहवाल. तो छापून यायला १९६९ उजाडलं. तिसरं, रित्ती आणि शेळके यांनी संपादित केलेलं नांदेड जिल्ह्यातल्या शिलालेखांचं पुस्तक, १९६८, प्रकाशक नांदेडचंच यशवंत महाविद्यालय. होट्टल, कंधार, देगलूर भागात काम करणाऱ्याने ते न पाहता क्षेत्रभेटीला जाऊ नये. चौथं, तुळपुळ्यांचे प्राचीन मराठी कोरीव लेख, १९६३. यांपैकी पुष्कळ पुस्तकं संदर्भ विभागात असल्याने घरी मिळत नाहीत. तिथेच बसून वाचायची आणि झेरॉक्सची परवानगी आधीच घ्यायची.

गॅझेटियरच्या बाबतीत एक गैरसमज कायम दिसतो. मुंबई इलाख्याच्या जुन्या, कँपबेलच्या गॅझेटियर मालिकेत अहमदनगर, सोलापूर, खानदेश आहेत. मराठवाड्याचे जिल्हे त्यात नाहीत आणि असणारही नाहीत, कारण ते निजामाचे. इथे १८८४चं औरंगाबादचं गॅझेटियर, बिलग्रामी आणि विल्मट यांचं निजामाच्या मुलखाचं वर्णन आणि १९०९चं हैदराबाद राज्याचं इंपीरियल गॅझेटियर चालतं. महाराष्ट्र शासनाची जिल्हा गॅझेटियरं नंतरची: परभणी १९६७, भीर १९६९, नांदेड १९७१, उस्मानाबाद १९७२, औरंगाबाद १९७७. जालना, लातूर, हिंगोलीवाल्यांनी मूळ जिल्ह्याचा खंड काढावा. जालन्यातल्या परतूरसाठी तर परभणीचा. शेवटचं, स्थळांची माहिती देणारं प्रकरण आधी वाचा. शासनाच्या दर्शनिका, म्हणजे गॅझेटियर, विभागाने हे खंड ऑनलाइन फुकट ठेवले आहेत, त्यामुळे यासाठी ग्रंथालयाचा पास काढायचीही गरज नाही.

वर्गणीच्या नियतकालिकांत १ जानेवारी २०२५पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आल्याने मोठा फरक पडला. ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं सरकारी विद्यापीठांना खुली झाली. इतिहासवाल्यांच्या उपयोगाचे प्रकाशक म्हणजे केंब्रिज, ऑक्सफर्ड, सेज, टेलर अँड फ्रान्सिस आणि प्रोजेक्ट म्यूझ. यातून इंडियन इकॉनॉमिक अँड सोशल हिस्ट्री रिव्ह्यू, स्टडीज इन हिस्ट्री, मॉडर्न एशियन स्टडीज, साउथ एशियन स्टडीज, अँटिक्विटी असे अंक वाचता येतात. पुरातत्त्वाच्या प्रयोगशाळेच्या बाजूसाठी एल्सेव्हियरचं जर्नल ऑफ आर्किऑलॉजिकल सायन्स. पद्धत समजून घ्यायला, तुलनेसाठी, सिद्धांतासाठी हे उत्तम.

मराठवाड्याच्या गावांबद्दल मात्र इथे फारसं काही मिळत नाही. अजिंठा-वेरूळ सोडलं तर ‘मराठवाडा’ हा शब्द टाकून जे निघतं ते बहुतेक राजकारण, दुष्काळ आणि जातप्रश्न यांवरचं. त्याचा दोष योजनेकडे जात नाही. आपल्याकडची शोधनिबंधांची परंपरा मराठीत आणि स्थानिक परिषदांच्या इतिवृत्तांत आहे. ती या प्रकाशकांकडे गेलीच नाही. दुसरी मर्यादा प्रवेशाची. पहिला टप्पा सरकारी संस्थांसाठी असल्याने विद्यापीठाच्या आवारातल्या विद्यार्थ्याला सहज मिळतं, पण खासगी संस्थेच्या महाविद्यालयात नाव नोंदवलेल्याने आपलं महाविद्यालय यादीत आहे का हे ग्रंथपालांना विचारून घ्यावं. घरून वाचायचं तर संस्थेच्या इन्फेड (आवाराबाहेरून वाचण्याची लॉगिन सेवा) खात्यातून लॉगिन लागतं. ते खातं ग्रंथालयच उघडून देतं, त्यामुळे सत्र सुरू होताच अर्ज टाका. प्रबंधाची मुदत डोक्यावर आल्यावर गेलात तर रांगेत बसाल.

त्या मानाने जेस्टोर, म्हणजे नियतकालिकांच्या जुन्या अंकांचा ऑनलाइन संग्रह, इतिहासाला जास्त जवळचं. डेक्कन कॉलेजचं बुलेटिन, भांडारकर संस्थेचे ॲनल्स आणि इंडियन हिस्ट्री काँग्रेसची इतिवृत्तं तिथे आहेत, आणि मराठवाड्यावरचे छोटे पण कामाचे निबंध यांतच दडलेले असतात. संस्थेची वर्गणी नसली तरी वैयक्तिक खातं फुकट उघडता येतं आणि महिन्याला शंभर लेख पडद्यावर वाचता येतात. डाउनलोड होत नाही. वाचतानाच खंड, वर्ष, पान टिपून ठेवा.

शोधगंगेबद्दल मत बनवणं अवघड आहे. एकीकडे आपल्याच विभागाने आधी काय केलंय हे घरबसल्या कळतं. दुसरीकडे प्रबंध पंधरा-वीस पीडीएफ तुकड्यांत फोडलेला असतो आणि मराठी प्रबंधांत मजकूर शोधता येत नाही. काही प्रबंध पानांची नुसती छायाचित्रं आहेत, काही युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेले, त्यामुळे मजकूर कॉपी केला तर भलतीच अक्षरं उमटतात. शीर्षक कुणी इंग्रजीत भाषांतर करून टाकतं, कुणी मराठीच रोमन लिपीत. म्हणून शोधचौकटीवर विसंबू नका. विद्यापीठ निवडा, त्याखाली इतिहास विभाग, आणि शीर्षकांची यादी वरून खाली वाचून काढा. मग ग्रंथसूचीचा तुकडा आधी उघडा; प्रबंध कसाही असो, चांगली ग्रंथसूची अर्धं काम करून देते. छायाचित्रं आणि नकाशे शेवटच्या परिशिष्टांच्या फाइलमध्ये असतात किंवा अजिबात चढवलेले नसतात. अशा वेळी छापील प्रत ग्रंथालयाच्या प्रबंध विभागात बघावी लागते. आणि शोधगंगेवरच्या प्रबंधातली तळटीप तशीच उचलू नका. मूळ खंड उघडून पान तपासा, कारण एकाने चुकवलेला पानाचा आकडा पुढचे पाच प्रबंध इमानाने वाहून नेतात.

फुकटचा खजिना मोठा आहे आणि त्यात तोटेही तेवढेच. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं ‘इंडियन आर्किऑलॉजी: अ रिव्ह्यू’ हे १९५३-५४पासूनचं वार्षिक. पैठणचं १९६५चं उत्खनन १९६५-६६च्या अंकात सापडतं. यातली नोंद मात्र आटोपशीर असते. थर किती, खापरं कुठल्या प्रकारची, नाणी किती, एवढं मिळतं. थरांचे छेद आणि खापरांची चित्रं बहुधा नसतात. म्हणून ही नोंद पायरी म्हणून वापरा, तिच्यावर प्रकरण उभारू नका. पितळखोऱ्याचा सविस्तर अहवाल सर्वेक्षणाच्या ‘एन्शंट इंडिया’च्या १५व्या अंकात, १९५९चा. तेरवर कझिन्सचा लेख सर्वेक्षणाच्या १९०२-०३च्या वार्षिक अहवालात. पैठणच्या अलीकडच्या उत्खननावर केनेट आणि सहकाऱ्यांचं २०२०चं जाड पुस्तक प्रकाशकाने खुलं ठेवलंय. ते फक्त पैठणसाठी नको. खापरांचं वर्गीकरण आणि त्यांची मोजदाद आज कशी करतात हे शिकायला पुरातत्त्वाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने डाउनलोड करून घ्यावं.

ताम्रपटांच्या बाबतीत घोळ होतो तो नावावरून. ‘पैठण ताम्रपट’ एक नाही. रामचंद्र यादवाचा इंडियन अँटिक्वेरीच्या १४व्या खंडात आहे, राष्ट्रकूट गोविंद तिसऱ्याचा एपिग्राफिया इंडिकाच्या ३ऱ्या खंडात. संदर्भ देताना राजाचं नाव लिहिलंच पाहिजे. दौलताबाद, खुलदाबाद, परंड्याचे फारसी-अरबी लेख पाहायचे तर एपिग्राफिया इंडो-मॉस्लेमिका आणि १९५१पासूनची एपिग्राफिया इंडिकाची अरबी-फारसी पुरवणी. हे खंड आर्काइव्ह डॉट ऑर्गवर बहुतेक आहेत, पण तिथे नोंदींत शीर्षक एका खंडाचं आणि आत फाइल दुसऱ्याचीच असंही होतं. पहिलं पान उघडून खंड क्रमांक बघितल्याशिवाय उतरवू नका.

स्कॅनचा खरा दोष चित्रांत आहे. घडी घातलेला मोठा आराखडा स्कॅन करणाऱ्याने उलगडलेलाच नसतो, त्यामुळे पडद्यावर लेण्याच्या आराखड्याचा अर्धा भाग आणि मधोमध कागदाची उभी घडी दिसते. याझदानींच्या अजिंठ्यावरच्या खंडांत, जे १९३० ते १९५५ दरम्यान निघाले, मजकूर आणि चित्रांचे खंड वेगळे असल्याने कुठे एक मिळतो, कुठे दुसरा. चित्र महत्त्वाचं असेल तेव्हा छापील प्रतच गाठा. आणि खापराचं चित्र पीडीएफमधून छापलं की प्रमाण बदलतं. ‘प्रमाण १:३’ असं खाली लिहिलेलं असलं तरी ए-फोर कागदावर ते १:३ उरत नाही. मोजमाप घ्यायचं तर चित्रातल्या मोजपट्टीवरूनच घ्या. ही चूक तोंडी परीक्षेत पकडली जाते आणि पकडली की सगळा तक्ता संशयात येतो.

नकाशांसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची १:५०,००० प्रमाणाची ओपन सिरीज पत्रकं ऑनलाइन मिळतात. जुन्या अहवालांत पत्रकाचा क्रमांक जुन्या पद्धतीचा असतो, पैठणसाठी ४७ एम, तेरसाठी ५६ बी; नव्या पत्रकांवर ई ४३ने सुरू होणारा. दोन्ही टिपा, नाहीतर सर्वेक्षणात सापडलेली स्थळं जुन्या नोंदींशी जुळवता येत नाहीत.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकावर काम करणाऱ्यांचं विद्यापीठाच्या ग्रंथालयात भागत नाही. महाराष्ट्र पुराभिलेख संचालनालयाचं एक कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे, तिथून सुरुवात करावी. महसुलाचे आणि संस्थानाच्या कारभाराचे पुष्कळ कागद मात्र हैदराबादला, तारनाक्याच्या तेलंगण राज्य पुराभिलेखागारात. शहाजहान आणि औरंगजेबाच्या काळातले दख्खनचे मुघल कागदही तिथेच. जाताना विभागप्रमुखांचं लेटरहेडवरचं पत्र, मार्गदर्शकाचं पत्र, विद्यापीठाचं ओळखपत्र, आधार आणि विषयाचा एक पानी सारांश इंग्रजीत न्या. पत्रात ‘मराठवाड्याचा इतिहास’ असं मोघम लिहू नका. काळ, जिल्हा आणि कागदांचा प्रकार लिहा, म्हणजे यादी काढून देणाऱ्यालाही काम सोपं जातं.

तिथल्या तारखा फसली, म्हणजे महसुली, सनातल्या असतात. हैदराबादचा फसली सन ऑक्टोबरात सुरू होई आणि त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो: १३१५ फसली म्हणजे ऑक्टोबर १९०५ ते ऑक्टोबर १९०६. निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे १९१४नंतरचे वार्षिक अहवालही असेच दोन सनांत छापलेले आहेत. पैठणचं १९३७चं उत्खनन शोधताना १३४६ फसलीचा अहवाल मागा. फक्त १९३७ म्हटलं तर यादीत तो निसटू शकतो.

भाषेचं काय? उर्दू वाचता येत असेल तर विसाव्या शतकाचे कागद चालवता येतात, कारण नंतरचा कारभार उर्दूत होता. त्याआधीचे फारसी आणि तेही शिकस्ता (घाईच्या, मोडक्या) वळणाचे. फारसी येत नसेल तर छापील निवडक कागदांपासून सुरुवात करा: शहाजहानच्या काळातल्या कागदांचा खंड १९५०चा, औरंगजेबाच्या काळाचा १९५८चा, दोन्ही हैदराबादहून प्रसिद्ध झालेले आणि इंग्रजी सारांशासह. त्यावरून कुठल्या परगण्याचे कागद आहेत याचा अंदाज येतो. मग नेमके चार-पाच कागद निवडून त्यांच्या प्रती मागाव्यात आणि फारसी जाणणाऱ्याकडून वाचून घ्याव्यात. मोडी येणाऱ्याने पुण्याच्या पेशवे दफ्तराचा विचार आधी करावा. निजाम-मराठे संबंधांचे, चौथाई-सरदेशमुखीचे कागद तिथे आहेत आणि त्यासाठी फारसी लागत नाही.